परक्या गिरणीवरचं दळण

माझ्या घरात कित्येक वर्षांत पीठ विकत आलेलं नाही आणि मी स्वतः गिरणीची पायरी चढलेली नाही. पीठ मंगल आणून देते. कधी औंधच्या गिरणीतलं, कधी कोरेगावकडचं, कधी पार वाळव्याकडचं. माझ्या डब्यात ती सगळी गावं एकमेकांत मिसळतात आणि त्यांची भाकरी मी मुकाट्यानं खाते. एकदा मी म्हटलं, "मागच्या खेपेचं पीठ कडू होतं गं." ती म्हणाली, "बाई, माणसंबी तशीच निघाली. सोयरीक मोडून आले."

मंगल लोकांच्या चौकशा करते. साताऱ्यातल्या माझ्या घराची रस्त्याकडची खोली तिच्याकडे भाड्यानं आहे. दारावर पाटी आहे, 'मंगल चौकशी केंद्र: सोयरीक, नोकरी, हरवलेली माणसं'. खाजगी गुप्तहेर बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. तसलं काही नाही. पन्नाशीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली, सुती साडीतली बाई, जवळचं वाचायचा चष्मा, जुनी स्कूटी, आणि स्कूटीवर पायापाशी ज्वारीची पिशवी. त्या पिशवीशिवाय ती चौकशीला निघत नाही.

कारण साधं आहे. आपल्याकडे जुळत आलेलं लग्न मोडण्याचं पाप कुणी अंगावर घेत नाही. पोरगा दिवसाढवळ्या पिऊन पडत असला तरी शेजारी सांगणार, "हिरा हाय, डोळं झाकून द्या." पाहुणे सांगणार, "घरात देवमाणसं." सरपंच तेच सांगणार, मास्तर तेच सांगणार. सगळे खोटं बोलतात आणि सगळ्यांना वाटतं, आपण पुण्य केलं. म्हणून मंगल कुणाला काही विचारतच नाही. ती मुलाच्या गावात गिरणीवर जाते, आपली पिशवी रांगेत शेवटी ठेवते आणि भिंतीला टेकून बसते. बायका विचारतात, "कुणाकडं आलाय?" ती कुठल्यातरी आळीचं नाव सांगते. मग बायका तिला विसरतात. गिरणी चालू असताना त्या ओरडून बोलतात, नाहीतर ऐकू येत नाही. आणि पट्टा थांबला की कुणाचं तरी अर्धं वाक्य उघड्यावर पडतं. मंगल म्हणते, "मला तेवढं अर्धं पुरतं."

ती मूळची सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाची, आटपाडीकडची. वडील हरिबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवायची, खत शेतकऱ्याला आणि बदल्यात धान्य आपल्याला, आणि पाऊस जवळ आला की माघारी. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी मंगल. एका मामानं तिला मेंढरांमागून ओढून शाळेत घातली. वसतिगृहात राहून ती साताऱ्याला बी.ए. झाली. मी इतिहास शिकवत असे आणि ती शेवटच्या बाकावरून माझ्याकडे सोडून सगळ्यांकडे बघत असे. नवरा लवकर गेला. पुढे एका वकिलाच्या नोटिसा दारोदार पोचवायचं काम तिनं केलं, त्यातून हा धंदा निघाला. ऊसवाल्यांच्या घरी ती आपलं मूळ सांगत नाही. "सांगितलं की त्यांचं बोलणं बदलतं," म्हणते. मी त्यावर तिच्याशी भांडून थकले.

आता जी हकीकत लिहायची आहे ती एका अशा चौकशीची, जी मंगलनं पिशवी न दळता केली. गावं मी मुद्दाम मोघम ठेवली आहेत आणि नावं बदलली आहेत. का ते पुढे कळेल.

उंब्रजजवळच्या एका गावात लालासाहेब राहतात. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. उसाचं रान, दारात जीप, बोलणं हुकमासारखं. त्यांची मुलगी शिवांजली, बी.एस्सी. झालेली. तिला कोरेगावच्या पलीकडच्या गावातलं ऋषिराज नावाचं स्थळ आलं. लालासाहेबांनी चौकशी मंगलकडे दिली. मंगल गेली, पण त्या दिवशी गावात लाइट नव्हती. गिरणी बंद. दुपार टळेपर्यंत ती थांबली, लाइट आली नाही. लग्नसराईचे दिवस, दुसऱ्या सोयरिकी अंगावर. तिनं जवळपासच्या चार दारी विचारलं, चारही दारी हिरा आणि देवमाणसं हेच मिळालं, आणि तिनं फोनवर कळवलं, "हरकत नाही."

दारातलं उत्तर खोटं असतं हे जिला सगळ्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त माहीत, तिनं दारातलं उत्तर घेतलं. लाइट नव्हती म्हणून.

लग्न झालं. आम्हाला लाडू आले. आणि दुसऱ्या वर्षीच्या थंडीत शिवांजलीची आई लीलाबाई आमच्या पायरीवर येऊन बसली.

"आत या, लीलाबाई," मंगल म्हणाली.

"आत नगं. एवढंच सांगा, माझी पोरगी कुठं हाय?"

मुलगी सासरहून नाहीशी झाली होती. सासरचे म्हणत होते, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर पळाली. पोलिसांत नोंद झाली होती, बाई सज्ञान आहे, येईल, असं उत्तर मिळालं होतं. आणि लालासाहेबांनी घरात सांगितलं होतं की पुन्हा तिचं नाव निघता कामा नये. लीलाबाई गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून एसटीनं साताऱ्याला आली होती.

"तुमीच म्हणला हुतासा न्हवं, हरकत न्हाई?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. आपण नीट ऐकलं होतं का, याची खात्री करून घेत असल्यासारखं तिनं विचारलं.

"म्हणाले होते," मंगल म्हणाली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसली.

त्यानंतर लीलाबाई वरचेवर येऊ लागली. आली की पायरीवरच बसायची. येताना भाकरीचा डबा आणायची, कारण रिकाम्या हातानं यायची सवय नाही. एकदा डब्यातल्या वरच्या भाकरीच्या कडेला अंगठा दाबल्याचा खळगा दिसला. मी म्हटलं, "हे काय, भाजताना धरली का?"

"न्हाई वं बाई. रोजची पयली भाकरी गाईची. दुसऱ्यात मिसळाय नगं म्हणून तव्यावर टाकायच्या आधी आंगठा दाबायचा. माझ्या आईची रीत. आज गडबडीत तीच डब्यात पडली." मग ती म्हणाली, "माझी शिवीबी तसंच करती. लगीन झाल्यावर सासू हसली म्हणं तिला, असलं काय करतीस म्हणून."

मंगल पिशवी घेऊन पुन्हा त्या गावाला गेली. या वेळी लाइट होती. तिनं पिशवी शेवटी ठेवली, भिंतीला टेकली, आणि पहिला पट्टा थांबायच्या आत तिला सगळं कळलं.

"त्यांच्यात टीव्हीचा आवाज वाढला की वळखायचं, सून मार खातीया. सासूच वाढवती."

"आन् ही काय पयली हाय व्हय? आधीची पुण्याची न्हाई का, म्हयन्यात पळाली."

"ही दोनदा गेली की माहेराला. बापानं जीपमधनं आणून सोडली. परत."

मंगलनं तिचा नियम मोडला आणि बोलली. "मग सोयरिकीच्या वक्ताला कुणी सांगितलं का न्हाई?"

एक म्हातारी गिरणीच्या तोंडाशी साचलेलं पीठ झाडत म्हणाली, "बये, गिरणीत येऊन कुणी इचारलं?"

हे वाक्य मंगलनं मला येऊन सांगितलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. लीलाबाई पुन्हा आली तेव्हा मंगलनं विचारलं, "पोर दोनदा घरी आली होती. तुम्ही मला सांगितलं नाही."

लीलाबाई म्हणाली, "आली हुती. ह्यांनीच सोडली. म्हणलं, सुभेदाराची लेक रणातनं पाठ दावून येत न्हाई." मग म्हणाली, "म्या चटणी बांधून दिली हुती संगं."

पुढचे दिवस वाईट गेले. पोरगी नाहीशी झाली त्याच आठवड्यात ऋषिराजचं रान तोडलं होतं, जिथं ऊस दाट होता तिथं पेटवून तोडला होता. मंगलच्या डोक्यात बसलं की पोरगी त्या रानात आहे. रानात म्हणजे काय ते मी विचारलं नाही. ती काठी घेऊन बांधाबांधानं हिंडे, विहिरींत वाकून बघे, कोणी हटकलं तर शेळी चुकली म्हणे. संध्याकाळी येई ती पोटऱ्यांपर्यंत राखेनं काळी. मी पाणी तापवून ठेवत असे आणि शिव्या देत असे.

"उकरून बघणार आहेस का सगळं कोरेगाव?"

"बाई, लाइट आली असती तर."

"लाइट आली असती तर, नवरा मेला नसता तर, मी राणी असते तर. जेव."

ती जेवायची नाही. दारावर लोक यायचे, सोयरिकीची कामं घेऊन, ती त्यांना परत पाठवायची. लीलाबाई पायरीवर, मंगल आत खुर्चीत. हरवलेलं माणूस शोधताना पहिल्या काही दिवसांत धागा लागला नाही तर पुढे प्रेत लागतं, हे वकिलाकडे तिनं पाहिलेलं होतं. लीलाबाईनं पाहिलं नव्हतं, पण तिलाही ते समजलेलं दिसत होतं.

अशात माझ्याकडचं पीठ संपलं. मला भूक लागते, मी लपवत नाही. मी तिच्यावर ओरडले, "चौकशी नको करूस, पण निदान दळण तरी आण." ती त्या दिवशी औंधच्या वाटेवर कुठल्या तरी विहिरीकडे निघालीच होती. पिशवी नेली आणि रस्त्यात दिसली त्या गिरणीत टाकली. काही ऐकायचं म्हणून नाही, पीठ हवं म्हणून.

तिथं बायका हसत होत्या. सकाळी एक मेंढकी म्हातारी सुनेला घेऊन दळायला आली होती. "मेंढक्याची सून, आन् डोक्यावर पाटी ऱ्हाईना. दोनदा पीठ सांडलं. शेवटाला म्हातारीनंच उचललं. कसली सून आणलीया."

मंगल म्हणते, तिच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. त्यांच्यातली पोर पाच वर्षांची झाली की डोक्यावर कळशी घेऊन उतारावरून पळते. पाटी न तोलणारी सून त्यांच्यात जन्मत नाही. आणि मग तिला आठवलं की ऋषिराजच्या तोडलेल्या रानात ती इतके दिवस काठी आपटत फिरली ती लेंड्यांवरून. रान तोडल्यावर तिथं मेंढरं बसवली होती. पोलिसांनी गाड्या विचारल्या, सासऱ्यानं ट्रॅक्टर विचारले, बापानं एसटीचे कंडक्टर विचारले. पायी, कळपामागून, घोड्याच्या बाजूनं कोण गेलं हे कुणी विचारलं नाही.

"मेंढरामागच्या माणसाकडं कोण बघतं, बाई," ती मला म्हणाली. "मी बघितलं नाही. मी. हरिबाची लेक."

कळप औंधच्या डोंगराखाली, यमाईची टेकडी दिसते त्या माळावर उतरला होता. जाळीचं कुंपण, चार घोडी, तीन दगडांची चूल. म्हातारी हरणाबाई चुलीपाशी होती. मंगलनं स्कूटी लांब लावली आणि चालत गेली. कुत्री अंगावर आली.

"कोण गं तू?"

"आटपाडीकडची. हरिबाची."

"कंच्या हरिबाची? तोतऱ्या का लंगड्या?"

"तोतऱ्या."

"मग बस. तुझ्या बानं माझं एक कोकरू गिळलंय, आजून दिल्यालं न्हाई." हरणाबाईनं तिच्या साडीकडे, पायातल्या चपलांकडे बघितलं. "मानूस हुडकत आलीस व्हय?"

मंगल चपला काढून बसली. वडिलांच्या नावावर कुणी बस म्हणाल्याला तिला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"ती पाटंचं जाळीपाशी पडल्याली," हरणाबाई म्हणाली. "कुत्री भुकली न्हाईत. माझी कुत्री फौजदारावरबी भुकत्यात. म्हणलं, मानूस बरं आसंल. हात मोडल्याला. फळी बांधली, लुगडं दिलं, घोड्यामागं घातली. तिच्या सासऱ्यासमोरनं आणली बघ. त्यो आमच्या मेंढरांस्नीच मोजत हुता, एक दिवस कमी बसलीसा म्हणून."

शिवांजली जाळीच्या पलीकडे होती. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू, एक हात अजून वाकडा. मंगलला तिनं ओळखलं नाही. का ओळखेल? मंगलनं तिला कधी पाहिलंच नव्हतं, फक्त तिचं स्थळ पसंत केलं होतं. मंगलनं नाव सांगितलं, काय काम करते ते सांगितलं, आणि 'हरकत नाही' असं आपणच कळवलं होतं तेही सांगितलं. मला ती म्हणाली, मार खायची तयारी ठेवून सांगितलं. पोरगी दोन पावलं मागं सरली.

"ताई, मला आता न्यायला आलाय का?"

"तुझी आई मरायला टेकलीय."

"आईला सांगू नका."

"अगं, ती रोज पायरीवर..."

"आईच्या पोटात काही राहत नाही. आण्णांच्या पुढं उभी राहिली की तिच्या तोंडावर दिसतं. मग आण्णा जीप काढणार. तिसऱ्यांदा." तिनं मोडका हात पदराखाली घेतला. "शपथ घ्या. ह्यांच्या देवाची, बिरोबाची घ्या. माझ्या आईच्या आणि आण्णांच्या कानावर तुम्ही घालणार नाही."

मंगलनं शपथ घेतली. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात शपथ कसली. मीही म्हटलं. ती म्हणाली, "बाई, एकदा माझ्या शब्दावर तिचा हात मोडलाय."

आता पुढचं ऐका. मंगल औंधहून परत आली आणि त्याच आठवड्यात उंब्रजच्या चौकात फ्लेक्स लागला. शिवांजलीचा लग्नातला फोटो, दोन बाजूंना पणत्या, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि दशक्रियेचा दिवस. ट्रॅक्टरवाल्याची बोलवा गावभर झाली होती, आणि लालासाहेबांनी जिवंत मुलीचा दहावा घालायचं ठरवलं होतं. आमच्यासाठी ती मेली, असं नुसतं म्हणणारे बाप पुष्कळ असतात. हा फौजी, यानं छापून लावलं.

लीलाबाई पायरीवर आली ती दहाव्याच्या आदल्या दिवशी. चेहरा कसनुसा उजळलेला. मंगलचा हात धरून म्हणाली, "मंगलताई, एक बरं झालं. उद्या समदं कळंल. पोरगी जिती आसंल तर कावळा शिवणार न्हाई. कसा शिवंल? जित्या माणसाच्या पिंडाला कावळा चोच लावतुया व्हय?"

मंगल तिच्यापुढे उभी होती, सगळं माहीत असलेली. मी आतल्या दारातून मंगलच्या पाठीकडे बघत होते. वाटलं, आता सांगेल. तिनं सांगितलं नाही. "उद्या येते मी," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघी गेलो. कृष्णेच्या घाटावर गाव जमलं होतं. लालासाहेब मुंडण करून ताठ उभे. पिंड मांडला, भात, वर दही. माणसं मागं सरली आणि लीलाबाईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. येऊ नको, येऊ नको, असं ती कावळ्याला म्हणत होती.

त्या घाटावर रोज दहावे होतात. तिथले कावळे माणसाळलेले आहेत, माणसं मागं सरायची तेवढी वाट बघतात. पिंड ठेवला आणि कावळा बसला. लगेच. मग दुसरा, मग पाच-सहा. गावकरी म्हणाले, "सुटली बिचारी." कुणीतरी लालासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. लीलाबाईनं डोळे उघडले, भाताकडे बघितलं, आणि शांतपणे खाली बसली. रडली नाही. ते न रडणं मी पुष्कळ मरणांत पाहिलेलं आहे आणि मला ते आवडत नाही.

त्यानंतर ती साताऱ्याला आली नाही. पायरी रिकामी राहिली तशी मंगल सैरभैर झाली. गावातून कळलं, लीलाबाईनं अन्न सोडलंय. पाणी पिते तेवढंच. सलाइन लावलं तर हातानं काढून टाकते. डॉक्टर म्हणाला, असं चाललं तर फार दिवस नाहीत.

"जा आणि सांग," मी म्हटलं. "बिरोबाला मी उत्तर देते."

"बिरोबाचं नाही, बाई. सांगितलं तर आई वाचंल, पोर जाईल. नाही सांगितलं तर पोर राहील, आई जाईल. दोन्हीकडं मीच हाय. पयल्यापासनं मीच हाय." शिकल्यापासून माझ्याशी ती इतकं गावाकडचं बोलली नव्हती. मग उठली आणि स्कूटी काढली.

कळप तोवर पूर्वेला सरकला होता, पार सांगली जिल्ह्याच्या हद्दीला. ती विचारत विचारत गेली. या वेळी बरोबर विचारलं, गिरणीवाल्यांना. शिवांजली घोड्याला पाणी पाजत होती. मंगलनं तिला दहाव्याचं सांगितलं.

"कावळा शिवला?" पोरीनं विचारलं.

"शिवला."

"मग झालं. आता मला कोण हुडकणार नाही." ती हसली म्हणे. खरंच सुटल्यासारखी हसली.

"तुझी आई जेवत नाही. त्या दिवसापासून."

हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिनं बादली खाली ठेवली, चुलीपाशी जाऊन बसली आणि हरणाबाईच्या काटवटीत पीठ घेतलं. वाकड्या हातानं भाकरी नीट थापली जात नव्हती, कडा फाटत होत्या. हरणाबाई मदतीला सरकली तर म्हणाली, "नको आजी." पहिली भाकरी थापली, कडेला अंगठा दाबला, तव्यावर टाकली. मग आणखी दोन केल्या. तिन्ही फडक्यात बांधून मंगलच्या हातात दिल्या.

"शपथ मोडू नका," म्हणाली. "तोंडानं काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलच्या मागं स्कूटीवर बसून मी त्या गावाला गेले. या वयात स्कूटीवर बसणं म्हणजे काय ते सांगत बसत नाही. दुखवट्याच्या घरी आपल्याकडे भाकरी घेऊन जायची रीत आहे, त्यामुळे आमच्या गाठोड्याकडे कुणी बघितलं नाही. लालासाहेब ओसरीवर बसले होते. डोक्यावर खुंट उगवले होते. आम्ही आत जाणार तर म्हणाले, "आत काय उपयोग? ती कुणाकडं बघत न्हाई. लय मानसं आली, समद्यांच्या भाकरी परत गेल्या." असं म्हणत त्यांनी फडकं हातात घेतलं आणि गाठ सोडली.

वरच ती होती. कडा फाटलेली, आणि एका बाजूला अंगठ्याचा खळगा.

माणूस सतरा ठिकाणी फौजेत राहिला असला तरी घरची भाकरी त्यानं आयुष्यभर खाल्लेली असते. लालासाहेब बघत राहिले. मंगल माझ्या शेजारी दगडासारखी उभी. मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, कुठून आणली, आणि जीप दारातच आहे.

त्यांनी विचारलं नाही. उठले, भाकऱ्या तशाच हातावर घेऊन आत गेले. आम्ही मागोमाग. लीलाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नणंद तानुबाई पायथ्याला बसलेली.

"अगं ए," लालासाहेब म्हणाले. आवाज हुकमाचा काढायला गेले, जमला नाही. "भाकरी आलीया. जेव."

ती वळली नाही. त्यांनी भाकरी तिच्या तोंडासमोर अंथरुणावर ठेवली. मग तिचा हात निघाला, आणि अंगठा जाऊन त्या खळग्यात बसला.

ती उठून बसली. आधी मंगलकडे बघितलं. मंगल खिडकीकडे बघत होती, शपथेला जागून. मग लीलाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. त्या घरात त्या क्षणी आम्हा चौघांना कळलेलं होतं आणि कुणीही बोललं नाही. तिनं भाकरी मोडली आणि कोरडीच खायला लागली.

"वयनी, गाईची हाय वं ती," तानुबाई म्हणाली.

"आसू दे," लीलाबाई म्हणाली आणि सबंध संपवली.

निघताना लालासाहेब फाटकापर्यंत आले. "पुन्यांदा भाकरी आणू नका," मंगलला म्हणाले. "लोक बघत्यात." त्यांनी विचारलं असतं तर मंगल खोटं बोलली असती, आणि ती खोटं वाईट बोलते. त्यांनी विचारलं नाही. त्या माणसाच्या बाजूनं मला एवढंच लिहिता येतं, त्यापेक्षा जास्त लिहायची माझी इच्छा नाही. चौकातला फ्लेक्स उन्हानं पांढरा पडेपर्यंत तिथंच होता.

लीलाबाई जगली. पण जगणं म्हणजे काय ते बघा. भेटायला येणाऱ्यांपुढे तिला रडावं लागतं, आणि ती खरंच रडते, कारण पोर आहे आणि दिसत नाही. वर्षश्राद्ध घालावं लागणार. कधी तरी भेटवावं असं मंगलला वाटतं, पण लीलाबाईच नको म्हणून मान हलवते. तिला आता कळलंय की तिच्या तोंडावर दिसतं.

मंगलनं पाटीवरचा 'सोयरीक' हा शब्द खरवडून काढला. आता 'नोकरी, हरवलेली माणसं' एवढंच आहे. निम्मं काम गेलं. मी भाडं मागत नाही आणि त्याचा उल्लेख केला तर ती चिडते.

सुगी झाली तेव्हा लीलाबाई गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून पुन्हा आली. पायरीवर बसली. बरोबर नव्या शाळूच्या ज्वारीचं ठिकं, लहानसं पोतं, होतं, तिला उचलवत नव्हतं, कंडक्टरनं उतरवून दिलं होतं.

"हे तुमच्या पिशवीत घाला," ती मंगलला म्हणाली. "तुमी गावोगावी जातासाच. जिथं जाल तिथं दळा."

"कसं दळू? जाडं का बारीक?"

"बारीक. भाकरीच्या कडा फाटल्याल्या. दुखऱ्या हातानं जाडं पीठ..." ती थांबली. रस्त्यानं कुणी ओळखीचं जात नाही ना ते तिनं बघितलं. "बारीकच दळा," म्हणाली.

मंगलनं ठिकं उचलून स्कूटीवर पायापाशी ठेवलं.